मोती पिकण्याची वाट पाहिली



दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याला दारे धरताना माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. वय ५८, म्हणजे मोतीबिंदूच, असे मी धरून चाललो. मोती पिकल्यावर काढायचा, ही आपली जुनी समजूत. घरच्या मंडळींनी सांगून पाहिले, "एकदा दाखवून तर या." मी म्हणालो, "हरभरा निघू दे."

हरभरा घरात आला आणि एके सकाळी त्या डोळ्यापुढे अंधारच झाला.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत पाहिले आणि विचारले, "काका, साखरेचा आजार किती वर्षांचा?" मी म्हणालो, "बारा." बारा वर्षांत डोळे एकदाही तपासले नव्हते.

त्यांनी समजावले ते सांगतो. डोळ्यात मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यावर उजेड पडतो, म्हणून आपल्याला दिसते. त्याच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक. साखर वाढलेली राहिली की त्या कमजोर होतात, जुन्या पाटासारख्या पाझरतात, काही बुजतात. मग रक्ताविना तहानलेल्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. त्या फार नाजूक. फुटल्या की डोळ्यात रक्त पसरते. कधी त्यांच्या ओढीने पडदाच जागचा सुटतो.

माझा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, तरी त्या डोळ्याला आता माणसाची नुसती आकृती कळते. डाव्या डोळ्याने मला स्वच्छ दिसत होते, पण बिघाड तिथेही निघाला. लेसरने तो डोळा राखला. लेसर आहे ती नजर राखते. गेलेली सहसा परत आणत नाही.

माझ्या धाकट्या भावालाही साखर आहे. "मला चांगले दिसते," म्हणून तो टाळत होता. मलाही चांगलेच दिसत होते! शेवटी बाजाराच्या दिवशी त्याला गाडीत घालून नेला.

तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. सोबत माणूस न्या; थेंबांनी काही तास अंधुक दिसते. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. डोळ्यापुढे एकाएकी धागे, ठिणग्या किंवा पडदा आला, तर त्याच दिवशी निघा.

पीक दोन दिवस थांबते. डोळा थांबत नाही.