खिडकीची जागा

एस. वाय. बी. ए.

आमच्या घरात जागा निवडण्याची पद्धत नाही. जागा धरायची असते. एस. टी. फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, भाजीची पिशवी आणि यांतले काहीच हाताशी नसले तर घरातले सर्वांत लहान मूल आत सोडायचे, ही आमची रीत. ते मूल बरीच वर्षे मी होते. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस लंडनहून ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "तिघांच्या विमानातल्या जागा तू निवड, तुला इंग्रजी येतं," तेव्हा माझ्या छातीत धडधडले. इंग्रजीत मला प्रथम वर्षाला 52 गुण पडले आहेत. पण पदवीच्या वर्गात बसलेली आमच्या घरातली मीच पहिली. त्यामुळे वीजबिलापासून व्हिसापर्यंत जो कागद घरात येतो तो आधी माझ्या पुढ्यात येतो.

ताई नर्स आहे. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केला, पुण्यात नोकरी केली आणि मग ती तिकडच्या एका हॉस्पिटलात गेली. दाजीही तिकडेच असतात. सप्टेंबरात तिला मुलगी झाली. नातीला बघायला आई-आबांनी दिवाळीच्या सुट्टीत यायचे आणि त्यांना घेऊन मी यायचे, असे ठरले. मुंबईहून रात्री दोनला विमान, प्रवास दहा तासांचा. तिकिटाचे पैसे ताई देणार होती.

आता आबांविषयी सांगायला हवे. आमचे आबा एस. टी.त ड्रायव्हर होते. नोकरीतली शेवटची बरीच वर्षे त्यांनी मुंबईची रातराणी चालवली. रात्री आमच्या तालुक्याच्या स्टँडवरून निघायचे, उजाडता मुंबई सेंट्रल, दिवसा तिथे विश्रांतिगृहात पडायचे आणि पुन्हा रात्री परत. म्हणजे रात्रीचा प्रवास त्यांना नवा नव्हता. पण रात्रीच्या प्रवासात मागे बसून झोपायचे असते, हे मात्र त्यांच्या गावीच नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर घरी एक शाल, एक श्रीफळ आणि दोन्ही पायांच्या फुगलेल्या निळ्या शिरा आल्या.

त्या शिरांमुळेच ताईचा आग्रह होता. विमानात मुख्यतः तीन वर्ग असतात. पुढे बिझनेस क्लास, तिथे खुर्ची बटण दाबताच सपाट होते आणि माणूस पलंगावर आडवा व्हावा तसा आडवा होतो. मागे इकॉनॉमी, म्हणजे आपल्यासारख्यांची गर्दी. आणि मध्ये अलीकडे प्रीमियम इकॉनॉमी नावाचा एक वर्ग असतो. तिथे आडवे होता येत नाही, पण पाय पसरता येतात. ताईचे म्हणणे, आई-आबांना प्रीमियममध्ये बसव, तू मागे बस. बिझनेसचे नाव तिनेही काढले नाही. ते तिकीट चौपटीच्या घरात होते. प्रीमियमचे साधारण दुप्पट पडत होते.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसून हे सगळे वाचून काढले, शब्दकोश शेजारी ठेवून. खुर्च्यांमधले अंतर 'पिच' या शब्दाने सांगतात. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे हे अंतर इकॉनॉमीत 31-32 इंच, तर प्रीमियममध्ये 38 च्या आसपास असते. हे मी रात्री जेवताना सांगितले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते टेप खिशात घालून आगारात गेले आणि उभ्या असलेल्या एका साध्या गाडीतले अंतर मोजून आले. "अठ्ठावीस भरलं," ते म्हणाले. "म्हणजे तुझी ती इकॉनॉमी आपल्या गाडीपरीस तीन इंचांनी ऐसपैस हाय. मग तक्रार कशाची?"

मला या वर्गांचा इतिहास वाचून गंमत वाटली. एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. तेव्हा विमानाने जाणारा माणूस श्रीमंत, हे धरूनच चालायचे. अटलांटिकवरच्या विमानांत 1952 साली स्वस्त असा 'टूरिस्ट' वर्ग निघाला आणि 1958 साली 'इकॉनॉमी' हे नाव आले. पुढे 1992 च्या सुमारास दोहोंच्या मधला वर्ग निघाला. आपल्या रेल्वेने 1974 साली थर्ड क्लास हे नावच पुसून टाकले. आजी मात्र मरेपर्यंत "थर्डचं तिकीट काढा" असेच म्हणायची. नावे जातात-येतात, बसणाऱ्याच्या मनातला वर्ग इतक्या लवकर जात नसावा.

ताईची भीती वेगळीच होती. फार वेळ पाय दुमडून बसले की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नावही पडले आहे. ते वाचून माझी झोप उडाली. पण पुढे वाचत गेले तेव्हा कळले की हा आजार विमानाचा नाहीच, बसण्याचा आहे. 1940 साली लंडनवर रात्री बॉम्ब पडत असताना माणसे आसऱ्याच्या जागी रात्र-रात्र आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांतली काही अचानक मरू लागली. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की हे मृत्यू पायातल्या गुठळीने झाले. बॉम्बपासून वाचायला गेलेली माणसे खुर्चीने मारली! जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगितले की चार तासांहून अधिक बैठा प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. मात्र धडधाकट माणसाला तो सहा हजारांत एक इतकाच. आणि अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 साली म्हटले की स्वस्त वर्गात बसल्याने गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. धोका वाढतो तो खिडकीपाशी बसणाऱ्यांचा, कारण ते जागेवरून उठत नाहीत.

हे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. त्याखाली रेघही मारली होती. हे मुद्दाम सांगते आहे.

आमच्या डॉक्टरांनी आबांचे पाय बघून घट्ट मोजे लिहून दिले, दर तासाला उठून चाला, पाणी पीत राहा, असे सांगितले. आता प्रश्न वर्गाचा उरला. आबांनी तो एका वाक्यात मिटवला. "तिच्या नाइटा मोजून मी पाय लांब करायचे व्हय?" ताई महिन्याला किती रात्रपाळ्या करते ते त्यांना पाठ होते. रात्रपाळीचा पैसा कसा येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मी फोनवर ताईला हे सांगितले. नुसते "नको म्हणतात" एवढेच सांगायला हवे होते. मी वाक्य जसेच्या तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याकडून काही घ्यायचंच नसतं," आणि तिने फोन ठेवला. दोन दिवस तिचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तिने इकॉनॉमीची तीन तिकिटे काढली आणि मला फक्त निरोप पाठवला, "जागा नीट निवड."

या सगळ्या महिन्याभरात आईला कोणी काही विचारले नव्हते. मीसुद्धा नाही. पडद्यावर विमानाचा नकाशा उघडून बसले तेव्हा ती मागे उभी राहून बघत होती. तीन जागा, अशा ओळीवर ओळी. मी म्हटले, "आबा कडेला, त्यांना उठायचंय. मी मध्ये. तू खिडकीत."

"मला खिडकी?" ती म्हणाली. "बरं."

आई एस. टी.त खिडकीपाशी कधी बसली नाही. खिडकी पोरांची असते. पोरांना वारा लागून झोप येते आणि मग त्यांची डोकी आईच्या मांडीवर येतात. मला वाटले, आईला पहिल्यांदा काहीतरी दिले. वहीतली रेघ मारलेली ओळ त्या क्षणी मला आठवली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. आठवली होती. पण त्या ओळीतला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आबाच होते. फुगलेल्या शिरा त्यांच्या होत्या. आईच्या पायांकडे बघितले कोणी होते?

विमान सुटले. दिवे मंद झाले. आबा तासातासाला उठून मागे जात. तिथे हवाई सुंदऱ्यांच्या छोट्या स्वयंपाकघरापाशी उभे राहून खाणाखुणांनी चहा मागत. एकदा मी बघायला गेले तर ते तिथे आगारातल्यासारखे कमरेवर हात ठेवून उभे होते. "ड्रायव्हर दोन हायत म्हणं," त्यांनी मला सांगितले, आणि त्यांना त्याचे फार समाधान वाटलेले दिसले. आई काचेला कपाळ लावून होती. खाली कुठल्याशा देशाचे दिवे. मला कधी झोप लागली ते कळले नाही.

जाग आली तेव्हा माझे डोके आईच्या खांद्यावर आणि मी दुमडलेले पाय निम्मे तिच्या मांडीवर. ती तशीच, बसवलेल्या मूर्तीसारखी. विमान पश्चिमेकडे चालले की रात्र संपतच नाही. आमच्या गावात दुपारचे बारा वाजत आले होते आणि लंडनला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा, बाहेर काळोख. आबा तरतरीत चालत होते. आईला चप्पल चढेना. दोन्ही पावले फुगून आली होती.

घरी पोचल्यावर ताईने बाळ आईच्या मांडीवर दिले आणि स्वतः खाली बसून आईच्या पोटऱ्या दाबून पाहू लागली. एक पाय, मग दुसरा. कुठे दुखते, एकच पाय जास्त सुजला आहे का, गरम लागतो का, श्वास लागतो का. ती मुलगी नव्हती त्या वेळी, नर्स होती. मग तिने विचारले, "किती वेळा उठलीस?"

"एकदाबी न्हाई."

"पाणी किती प्यालीस?"

"पाणी प्यालं म्हंजे उठाया लागतं. ही झोपली हुती. हिला उठवून कुठं जाऊ?"

ताईने माझ्याकडे पाहिले. ओरडली असती तर बरे झाले असते. दोन्ही पाय सारखेच सुजले होते, तसे विमानात पुष्कळांचे होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूज उतरली. काही झाले नाही. पण त्या रात्री ताई दोनदा उठून आईच्या खोलीत जाऊन आली, ते मी पाहिले. मीही जागीच होते.

तीन आठवडे राहिलो. लंडनविषयी लिहायचे तर तो वेगळा लेख होईल. परतीच्या तिकिटांवरून ताईने पुन्हा वर्गाचा विषय काढला, आबांनी पुन्हा मान हलवली. या वेळी मात्र ताई रागावली नाही. तिने माझ्याकडून पडदा काढून घेतला आणि जागा स्वतः निवडल्या: आई कडेला, मी मध्ये, आबा खिडकीत. आबांनी मोजे घातलेच होते, आणि मला बजावण्यात आले होते की झोपायचे नाही. त्यांना दर तासाला उठवायचे काम माझ्याकडे होते.

परतीची रात्र आखूड. आबा ताशी एकदा कुरकुरत उठत, कारण गंमत म्हणजे या वेळी त्यांना चक्क झोप लागत होती. गाडी दुसरे कोणीतरी चालवते आहे हे बहुधा त्यांना एकदाचे पटले असावे. मध्यरात्रीच्या सुमारास आई आपली आपण उठली. कुणाला न विचारता. मागे जाण्याऐवजी ती पुढे गेली. बराच वेळ आली नाही, तेव्हा मी मान उंचावून पाहिले. आमच्या वर्गाच्या शेवटी जो पडदा असतो त्याच्या फटीतून ती आत डोकावत उभी होती, हात मागे बांधून, लग्नघरात पंगत बघावी तशी.

मी घाईने गेले आणि तिचा हात धरून तिला मागे आणले. कोणी रागावेल म्हणून मला भीती वाटत होती. ती निवांत चालत आली, जागेवर बसली, पदर सारखा केला.

"काय बघत होतीस?" मी कुजबुजत विचारले.

"पाय पसरून बसलीत समदी," ती म्हणाली. "पर एकाचंबी पांघरूण नीट न्हाई."