बालवाडीचा वार्षिक आराखडा : एक पत्र

बदलापूर (पूर्व)

सौ. ताई यांस,


अंबरनाथ येथील आपल्या बालवाडीच्या येत्या वर्षाचा आराखडा मिळाला. जूनपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक महिन्याला एक विषय नेमून, त्या विषयाभोवती गोष्टी, गाणी, चित्रकाम, मैदानी खेळ आणि गप्पा बसवण्याची त्यातील पद्धत तत्त्वतः योग्य आहे. खासगी शाळांत जिला ‘थीम’ म्हणतात आणि शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जिला आशयसूत्र म्हटले जाते, ती हीच कल्पना होय : काही दिवसांच्या सर्व खेळांना एकत्र बांधणारा, मुलाच्या ओळखीचा एक विषय. सहा वर्षांखालील मुलाला भाषा, गणित, परिसर अशा वेगळ्या कप्प्यांची जाणीव नसते. ते वस्तू हाताळते, तिच्याविषयी बोलते, ती मोजते, तिचा वास घेते आणि तिचे नाटकही करते, आणि या सर्व क्रिया त्याच्या लेखी एकच असतात. आशयसूत्राचा आधार हाच आहे. तथापि विषय कोठून घ्यावेत आणि ते वर्षात केव्हा यावेत, या दोन बाबतींत आराखड्याचा फेरविचार व्हावा, म्हणून हे सविस्तर पत्र.

आराखड्यात ‘फळे’ हा विषय ऑक्टोबरमध्ये आहे आणि डिसेंबरमध्ये ‘हिवाळा व बर्फ’ आहे. हे दोन्ही बहुधा छापील पुस्तकांतून जसेच्या तसे उतरलेले दिसतात. उल्हास नदीच्या या खोऱ्यात डिसेंबरात बर्फ पडत नाही. कापसाचा बर्फमानव चिकटवणारे मूल कापूस चिकटवण्याचे कौशल्य मिळवते, परंतु थंडीविषयी त्याला काहीही कळत नाही, कारण त्याच्या अनुभवातील थंडी ही पहाटेच्या धुक्याची, आजीच्या शालीची आणि शेकोटीच्या वासाची असते. फळांच्या बाबतीत तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखे झाले आहे. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत बदलापूरचे जांभूळ, ज्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, स्थानकाबाहेर पाटीपाटीने विकायला बसलेले असते, आणि ऑक्टोबरात मात्र मुलांसमोर फळांचा रंगीत तक्ता टांगावा लागतो. बालवाडी उघडते ते दिवस आणि जांभळाच्या मोसमाचे शेवटचे दिवस जवळजवळ एकच असल्यामुळे पहिला विषय निसर्गानेच नेमून दिलेला आहे.

या एका फळावर दोन आठवडे कसे चालवता येतात, ते थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल. पहिल्या दिवशी टोपलीभर जांभळे मध्ये ठेवून मुलांना ती नुसती हाताळू द्यावीत. या टप्प्याला मुक्त हाताळणी म्हणतात, आणि त्यात शिक्षिकेने प्रश्न विचारण्याची घाई करू नये. त्यानंतर लहान-मोठी, कच्ची-पिकलेली, देठासह आणि देठाविना अशी वर्गवारी मुले बहुतेक वेळा आपण होऊन सुरू करतात, आणि वर्गवारी ही पुढील सर्व गणिताची पहिली पायरी आहे. खाऊन झाल्यावर आरशात जीभ पाहणे हा स्वतंत्र खेळ होतो. जांभळी झालेली जीभ, तोंडात आलेला तुरटपणा आणि त्यासाठी मुलाने स्वतः शोधलेले शब्द, यांत भाषाविकासाचा एक पूर्ण तास निघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जांभळे कुस्करून रस तीन वाट्यांत घ्यावा, एकीत लिंबू पिळावे, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा आणि तिसरी तशीच ठेवावी : लिंबाने रस तांबूस होतो आणि सोड्याने निळसर-हिरवटाकडे झुकतो. जांभळातील रंगद्रव्य आम्लात आणि अल्कात निरनिराळे दिसते, हे त्याचे कारण शिक्षिकेला ठाऊक असावे. मुलांना ते सांगण्याची गरज नाही, त्यांनी ‘आता काय होईल?’ याचा अंदाज करून तो पडताळला तरी पुरे. त्याच तीन रंगांनी बोटांनी चित्रे काढता येतात. धुऊन वाळवलेल्या बिया मोजायला आणि ओळीत मांडायला घ्याव्यात, मात्र त्या घशात अडकण्याचा धोका असल्याने तीन वर्षांच्या मुलांच्या हाती त्या मोठ्या माणसाच्या नजरेआड देऊ नयेत. उरलेल्या बिया पावसात कुंडीत लावल्या, तर काही आठवड्यांनी येणारे रोप विषय संपल्यानंतरही तो विषय चालू ठेवते.

वरील क्रमात तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच विषयावर काम करत असूनही प्रत्येकाची खोली वेगळी आहे : धाकटे मूल जांभळे कुस्करते, मधले वर्गवारी करते आणि मोठे कोणत्या वाटीत काय टाकले होते ते आठवून सांगते. अंगणवाडीत आणि छोट्या बालवाडीत सर्व वयांची मुले एकाच खोलीत एका बाईंपुढे बसतात, ही वस्तुस्थिती बहुतेक आयत्या आराखड्यांत विसरली जाते. उपक्रमाची लांबीही वयाप्रमाणे ठरवावी लागते. तीन वर्षांचे मूल ठरवून दिलेल्या एका कामात दहा-पंधरा मिनिटे रमले तरी भरपूर झाले, आणि त्याने स्वतः निवडलेल्या खेळात तेच मूल पाऊण तास गढून जाते. म्हणून दिवसाच्या वेळापत्रकात मुक्त खेळाचा वेळ सर्वांत मोठा असावा.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक (1892–1973) यांनी माँटेसोरी पद्धती आत्मसात केली होती; 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत सुरू झालेल्या बालगृहातून घडलेली ही पद्धती इंद्रियांना वळण देणाऱ्या, काळजीपूर्वक बनवलेल्या साधनांवर उभी होती, आणि ती साधने महाग होती. 1945 मध्ये बोर्डी येथे ताराबाईंचे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यात सामील झाल्या, तेव्हा महाग साधनांचा हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला. ताराबाईंनी तत्त्व ठेवले आणि साधने बदलली : मणी, खडे, पाने, शिंपले, बिया, मातीची भांडी यांनी माँटेसोरीच्या लाकडी संचांचे काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी ही कल्पना त्यातून उभी राहिली, आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव घरोघरी पोहोचले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र आणला, आणि ऑक्टोबर 2022 मधील पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून व स्थानिक परिसरातून शिकण्यावर भर दिला. परंतु जे आज सरकारी कागदावर आले आहे, ते ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते) पाऊणशे वर्षांपूर्वी करून पाहिले गेले होते, हे येथील बालवाडीने अभिमानाने लक्षात ठेवावे.

मग उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचे अंगण कोणते? उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून 1949 मध्ये नामकरण होऊन उभे राहिले, आणि तेथील पत्ते आजही कॅम्प एक ते पाच असेच सांगितले जातात. आपल्या बालवाडीत कॅम्प चार-पाचमधून येणाऱ्या मुलांच्या घरी पापड लाटले जातात. पिठाचा गोळा, लाटणे, गोल आकार, उन्हात वाळताना बदलणारा स्पर्श आणि भाजताना येणारा आवाज, हे सर्व मिळून एक परिपूर्ण आशयसूत्र होते, आणि त्यासाठी एखाद्या सिंधी आजींना दोन दिवस वर्गात बोलावले तर घरी सिंधी बोलणाऱ्या मुलाला बालवाडीत प्रथमच जाणत्याचे स्थान मिळते. त्याच शहरातील फर्निचरच्या दुकानांतून उरलेले लाकडाचे तुकडे, घासून गुळगुळीत केल्यास, उत्तम ठोकळे होतात. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतील चिंध्यांतून जाड-पातळ, खरखरीत-मऊ अशा स्पर्शांच्या जोड्या लावता येतात. ही साधने मागून आणावी लागतील, विकत घ्यावी लागणार नाहीत.

जुलै-ऑगस्टात ‘पाणी’ हा विषय यावा. त्याच सुमारास उल्हासनगरात झुलेलालाच्या उपासनेचा चाळीस दिवसांचा चालिहा असतो, आणि झुलेलाल ही जलदेवता असल्याने घरातील पूजा आणि वर्गातील खेळ एकमेकांना जोडले जातात. ओतणे, गाळणे, तरंगणे-बुडणे यांचे प्रयोग घमेल्यात होऊ शकतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 26 जुलै 2005 चा पूर आणि जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तो पूर, यांची आठवण घरोघरी निघते, आणि सखल भागातील मुलांनी दरवर्षी दारात पाणी पाहिलेले असते. अशा मुलाने ‘आमची गादी भिजली’ असे सांगितल्यास तो विषय टाळू नये, त्याला नावेच्या, दोरीच्या, उंचावर सामान ठेवण्याच्या खेळात ते पुन्हा घडवू द्यावे. भीती खेळात उतरली की मुलाच्या आवाक्यात येते. वालधुनी नदी मात्र दुरूनच दाखवावी. सांडपाण्याने व रसायनांनी ती हात लावण्याजोगी राहिलेली नाही, आणि पाच वर्षांच्या मुलांना हे खरे सांगण्यात काहीही गैर नाही.

वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर, शके 982 म्हणजे इ. स. 1060 च्या शिलालेखाचे, आराखड्यात ‘आपला वारसा’ म्हणून आले आहे. ते बांधणाऱ्या शिलाहार राजांची नावे या वयात निरुपयोगी होत. गाभाऱ्यात जाण्यासाठी खाली उतरावे लागते, ती प्रत्येक पायरी मोठ्याने मोजणे, आणि सावलीतील गार दगड व उन्हातील तापलेला दगड तळहाताने ओळखणे, एवढे पुरे.

सर्वांत समृद्ध विषय आराखड्यातून सुटलाच आहे, तो लोकलचा. कल्याण-कर्जत मार्गावरील या पट्ट्यात कित्येक मुलांचे आईवडील पहाटे गाडी पकडतात आणि मूल झोपलेले असते. संध्याकाळी गाडी वेळेवर आली की नाही, यावर त्याचा सारा दिवस तोललेला असतो. खुर्च्या मांडून डबे, पुठ्ठ्याची तिकिटे, खिडकीची जागा, उद्घोषणेची हुबेहूब नक्कल, हे मुले न शिकवता करतात. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी हा क्रम म्हणजे आधी-नंतरची, म्हणजेच काळाच्या क्रमाची, पहिली समज होय. आई गेली तरी परत येते, हा भरवसा मूल या खेळात रोज नव्याने मिळवते, आणि बालवाडीच्या पहिल्या महिन्यातील रडण्यावर यापरता दुसरा उपाय नाही.

‘माझे शरीर’ या विषयाबाबत आणखी गंभीरपणे विचार व्हावा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातील एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि लोक रस्त्यावर, रेल्वेमार्गावर उतरले. त्यानंतर या परिसरातील कोणत्याही बालवाडीचा आराखडा केवळ नाक-कान-डोळे दाखवून पूर्ण होऊ शकत नाही. शरीराच्या सर्व भागांची सरळ नावे, नको असलेल्या स्पर्शाला मोठ्याने ‘नको’ म्हणण्याचा सराव आणि कोणाला सांगायचे, हे सर्व बाहुलीच्या खेळातून याच वयात शिकवता येते. तरीही मुलांना सुरक्षित ठेवण्याचे काम मुलांवर टाकता येत नाही. म्हणून दैनंदिन वेळापत्रकात ‘स्वच्छतागृहात कोण नेईल’ हा रकाना प्रत्येक दिवशी नावानिशी भरलेला असावा.

एका प्रथेविषयी स्पष्ट मत नोंदवणे भाग आहे. ‘रेड डे’, ‘यलो डे’ अशा रंगदिनांना आराखड्यात पाच शनिवार दिलेले आहेत. त्या दिवशी लाल कपडे शोधण्याची धावपळ आईची असते, सजावट शिक्षिकेची असते आणि छायाचित्रे पालकांच्या गटावर जातात. मुलाच्या वाट्याला येते ते एकाच रंगात उभे राहणे. लाल रंग जास्वंदीत, टोमॅटोत, सिग्नलमध्ये आणि कुंकवात वेगवेगळा दिसतो, हे ओळखायला एका खास दिवसाची गरज नसते. हे पाच शनिवार मोकळे ठेवावेत, म्हणजे एखादी घोरपड अंगणात आली किंवा शेजारी खोदकामाचे यंत्र उभे राहिले, तर त्या आठवड्याचा विषय बदलण्यास जागा राहील.

नोंदींसाठी परीक्षा नको, एक वही पुरे. कोणत्या मुलाने कोणता खेळ पुन्हा पुन्हा निवडला आणि खेळताना काय म्हटले, हे दररोज दोन-तीन मुलांपुरते लिहिले तरी महिन्याअखेर प्रत्येक मुलाचे चित्र स्पष्ट होते.

राहिला प्रश्न पालकांचा, जे तिसऱ्या वर्षीच अक्षरे गिरवून घेण्याचा आग्रह धरतात. त्यांची काळजी खरी असते आणि तिचा अनादर होऊ नये. परंतु बोटांचे स्नायू लाटून, चिमटीने बिया उचलून, चिंध्या कातरून तयार झाल्याखेरीज पेन्सिल हाताला दुखवते, हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. म्हणून जूनच्या पहिल्याच आठवड्यात पालकसभा घ्यावी, तीत भाषण न करता पालकांनाच सतरंजीवर बसवून लाटणे, बिया आणि ठोकळे त्यांच्या हाती द्यावेत, आणि पाच वर्षे पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला गिरवण्याचा गृहपाठ दिला जाणार नाही, हे त्याच सभेत जाहीर करावे, अशी कळकळीची विनंती आहे.