रांजण आणि कोरडा दिवस

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येते, आणि डेंग्यूच्या डासालाही अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात! धाकटी बहीण त्याच तापाने फणफणली होती, तेव्हा आरोग्यसेविका घरी आल्या. रांजणात बॅटरीचा झोत टाकला, तो अळ्या वळवळताना दिसल्या.

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सगळी भांडी रिकामी करा."

आई म्हणाली, "ताई, पाणी ओतून देऊ, मग पोरीला पाजू काय?"

मला दोघींचेही पटले. एकेकाळी डास मारणे हे फवाऱ्याचे काम होते. १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशभर डीडीटीची मोहीम निघाली; १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला सुमारे १ लाखावर आले, अन् १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. फवारा सरकारच्या हाती होता. हा डास मात्र घरच्या रांजणात वाढतो, म्हणजे सारा भार आईवरच!

अखेर बाईंनीच तोड काढली. पाणी फडक्याने गाळून पिंपात घ्यायचे, आणि रिकामा रांजण आतून काथ्याने खसखसून घासायचा. कारण अंडी पाण्याच्या रेघेशी चिकटतात व कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. मग तोंडाला घट्ट कापड. गप्पी मासे आईने मागच्या हौदात सोडू दिले. पिण्याच्या पाण्यात मात्र साफ नकार.