चाकण ते मंचर : बुरशीचा विवेक
चाकणच्या कारखान्यांची रांग मागे टाकून आपण नाशिक रस्त्याने निघालात, की राजगुरुनगरजवळ भीमा ओलांडताच शेतीचा मुलूख सुरू होतो. पुढे मंचर येते. १९९२ साली स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्सचा चीजचा मोठा प्रकल्प येथेच आहे.

या दुधाच्या गावी इंग्लंडमधील स्टिल्टन आठवावे. हे निळ्या शिरांचे चीज डर्बीशायर, लेस्टरशायर व नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत बनते. ज्या स्टिल्टन गावाचे नाव ते मिरवते, तेथे मात्र ते बनवण्यास मुभा नाही. त्याला सुया टोचतात. छिद्रांतून हवा शिरते आणि दुधात मुद्दाम घातलेली पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी आत फुलते.

परंतु घरच्या पनीरवर वा पावावर आपोआप आलेली निळसर बुरशी कोणती, हे डोळ्यांना ओळखता येत नाही. तेवढाच भाग कापून उरलेले मुलांना देऊ नका; सारेच टाकून द्या. गर्भवतींनी मऊ निळे चीज न शिजवता खाऊ नये. त्यातील लिस्टेरिया जिवाणूंमुळे गर्भाला धोका संभवतो. रक्तदाब असल्यास त्यातील मिठाचेही भान ठेवावे.