समान वाटणी

न्यायालयाच्या आवारात वीस वर्षे घालविलेल्या मनुष्याने मोटारीच्या पोटातील दंतचक्रांविषयी लेख लिहावा, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही ते तसेच वाटते. मोटारीचे झाकण कोणी उघडले की आदराने दोन पावले मागे सरणाऱ्यांपैकी आम्ही. परंतु मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या एका लोखंडी पेटीने आम्हांस असे काही शिकविले आहे की, ते न सांगता राहणे म्हणजे साक्षीदाराने ऐनवेळी तोंड मिटून घेण्यासारखे होईल.

सन २०१८ चा श्रावण. सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे, ओढ्याच्या काठी महादेवाचे एक जुने देऊळ आहे. तेथील पूजाअर्चा आमच्या मामांकडे. श्रावणी सोमवारच्या आरतीस आम्ही न चुकता जातो. त्या संध्याकाळी आरती चालू असताना मामांच्या उजव्या हातातील पंचारती कलली आणि ठणकन फरशीवर पडली. मामांनी काही बोलण्याचा यत्न केला. शब्द फुटला नाही. ओठांची एक बाजू खाली ओढली गेली होती. हा पक्षाघात आहे, हे समजण्यास वैद्याची आवश्यकता नव्हती.

देऊळ खोलगटात आणि डांबरी रस्ता वर. मध्ये सुमारे २०० पावलांचा चढ, जांभ्या दगडाचा आणि तांबड्या मातीचा. रुग्णवाहिका त्या वाटेने खाली उतरणे शक्य नव्हते. आमची २०१३ सालची थार मात्र देवळाच्या दारात उभी होती. गावात तिला सारे जीपच म्हणतात. चारही चाकांना शक्ती पोचविणारे वाहन! मामांना मागच्या आसनावर निजवून, मामींच्या मांडीवर त्यांचे डोके ठेवून, आम्ही चारही चाके जोडणारी दांडी ओढली आणि निःशंक मनाने निघालो.

चढाच्या मध्यावर पावसाच्या पाण्याने वाट तिरपी कापून काढली होती. तेथे जीप अशी काही कलली की, मागचे डावे चाक अधांतरी लोंबकळू लागले आणि पुढचे उजवे चिखलात रुतले. आम्ही पाय दाबला. ती दोन चाके गरगर फिरू लागली. उरलेली दोन कोरड्या, घट्ट जांभ्यावर उभी होती. ती तसूभरही हलली नाहीत. आम्ही अधिक जोराने पाय दाबला. मागून दहाबारा मंडळी ढकलत होती, त्यांच्या अंगावर चिखल उडत होता, मामी देवाचा धावा करीत होत्या आणि आम्ही पाय दाबीत होतो. असा पाऊण तास गेला. शेवटी एका वृद्ध गावकाराने खिडकीच्या काचेवर बोटे वाजविली आणि शांतपणे म्हटले, “वकीलबाब, पांय काडात.” आम्ही पाय काढला. त्याने ढासळलेल्या बांधाचे चार जांभे आणून लोंबकळणाऱ्या चाकाखाली नीट रचले. “आतां सवकाश.” जीप एका दमात वर आली. या साऱ्याला पाच मिनिटेही लागली नसावीत.

रुग्णालयात उपचार वेळेत सुरू झाले. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या मर्यादेत आम्ही पोचलो होतो. मामा वाचले. काही महिन्यांत वाचाही पुष्कळशी परतली. उजवा हात मात्र परतला नाही. मर्यादेच्या आतही जितके लवकर तितके बरे, एवढे तरुण डॉक्टर सहज बोलून गेले. तो पाऊण तास वाचला असता तर तो हात वाचला असता काय, हे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या व्यवसायात अशा वेळी आरोपीस संशयाचा फायदा देतात. आरोपी आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे तो देणे किती कठीण जाते, हे त्या पावसाळ्यात आम्हांस कळले.

गाडीवर राग काढणे त्या मानाने सोपे होते. तो घेऊन आम्ही म्हापशाच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. घट्ट जमिनीवरची दोन चाके स्वस्थ उभी राहतात आणि हवेतली तेवढी नाचतात, हा कुठला न्याय? मिस्त्री हसले. म्हणाले, “वकीलबाब, हातूंत गाडयेची चूक ना. ती दोनूय चाकांक सारकेंच दिता.”

त्यांनी जीपचा मागचा भाग जॅकवर चढवून जे दाखविले, ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. पालखी देवळाभोवती वळताना वाचकांनी पाहिली असेल. आतल्या बाजूचे भोई जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतात, बाहेरच्यांना लांब ढांगा टाकाव्या लागतात. मोटार वळते तेव्हा चाकांचेही तेच. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली, तर वळणावर एकाला घासत फरफटावे लागेल. म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी असते. ऑनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२८ साली आपल्या वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. ही पेटी चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देते, परंतु बळ मात्र दोघांना सारखेच वाटते. मेख आहे ती येथेच. अधांतरी चाकाला फिरण्यास बळ लागतच नाही. ते जेवढे घेते तेवढेच, म्हणजे जवळजवळ शून्य, घट्ट जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यास येते. चारही चाकांना जोडणारी आमची ती दांडी पुढच्या आणि मागच्या जोडीतला भेद मिटविते. प्रत्येक जोडीच्या पोटातली ही समान वाटणी तशीच राहते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक निसटले की चारही चाके व्यर्थ!

हे ऐकताना आम्हांस फोंड्याकडचे एक जुने घर आठवले. पोर्तुगीज नागरी संहितेच्या काळापासून आमच्या गोव्यात मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांस समान वारसा मिळतो, आणि त्याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. त्या घराचे वारस तिघे होते. छप्पर गळू लागले तेव्हा दोघे खर्चास तयार होते; तिसरा परगावी, तो काही देईना. तेव्हा थोरले म्हणाले, वाटा समान तर खर्चही समान. तो देईल तेवढेच आम्ही देऊ. तो शून्य देत होता. दोन पावसाळ्यांत राजांगणाचे वासे खाली आले. त्या दाव्यात तिसऱ्याचे वकीलपत्र आमच्याकडे होते, आणि समानतेवर आम्ही केलेले भाषण चांगले झाले होते असे लोक म्हणाले.

उपाय आहे, मिस्त्री म्हणाले. आमच्या गाडीच्या कंपनीनेच २०१५ पासून थारच्या मागच्या एक्सलमध्ये आपोआप जखडणारे डिफरन्शियल बसविण्यास प्रारंभ केला. आमची गाडी दोन वर्षे आधीची. तिलाही ते बसविता येईल. किंमत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “वर्षातून एकदा लागणाऱ्या चढासाठी?” आम्ही उत्तर दिले नाही, त्यांनीही पुन्हा विचारले नाही. वकिली स्वभावानुसार आम्ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तेवढे उघडून पाहिले. नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते. नोंदणीपत्रात डिफरन्शियलचा रकानाच नाही. तरीही आम्ही विमा कंपनीस पत्र लिहून ठेवले.

दिवाळीनंतर एका दिवशी सकाळी कामास आरंभ झाला. मागची चाके उतरविली, काळे तेल गाळून घेतले, दोन्ही बाजूंचे दांडे ओढून काढले आणि जुनी पेटी बाहेर आली. तिच्यावरचे मोठे क्राउन चक्र सोडवून नव्या पेटीवर आवळले. खरी परीक्षा पुढे होती. क्राउन आणि पिनियन यांच्या दातांमध्ये जी फट ठेवावयाची, ती मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. कमी झाली तर दात तापून झिजतील, जास्त झाली तर आपटून तुटतील. मिस्त्री पातळ चकत्या घालीत, घड्याळासारख्या मापकावर काटा पाहात, मान हलवीत, पुन्हा सारे खोलीत. मग दातांना रंग लावून चक्र फिरविले आणि तो रंग दाताच्या मध्यावर उमटतो की कडेला, हे पाहिले. तीन वेळा कडेला उमटला. चौथ्या खेपेस मध्यावर उमटला, तेव्हा दिवेलागण झाली होती.

नवे यंत्र एरवी जुन्यासारखेच वागते. वळणावर प्रत्येक चाकास आपल्या चालीने जाऊ देते. परंतु दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की, आतली दोन चिमुकली वजने गरकन फिरून बाहेर फाकतात, त्यांतले एक खुंटीला अडते, त्यासरशी एक चकती उतरणीवर चढून घर्षणपट्ट्या दाबते आणि दोन्ही चाके एकजीव होतात. अडचण सरली की आपोआप मोकळी. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर ते जखडतच नाही, कारण भर वेगात चाके जखडणे घातक. “पुण दोनूय चाकां चिखलांत आसल्यार हें कितें करतलें?” मिस्त्रींनी बजावले. आम्ही मान डोलावली. लक्ष बिलाकडे होते.

पुढच्या श्रावणात, २०१९ साली, मामांना घेऊन आम्ही त्याच देवळात गेलो. आरती आता मामेभाऊ करतो. मामा डाव्या हाताने नमस्कार करून एका खांबाला टेकून बसले होते. परतताना तोच चढ, तीच तिरपी घळ. मागचे डावे चाक उचलले गेले, क्षणभर फिरले, खालून ‘खट्’ असा आवाज आला, आणि जीप शांतपणे वर चढली. आम्ही अभिमानाने मामांकडे पाहिले. त्यांनी डावा हात वर करून थांबण्याची खूण केली.

“त्या म्हाताऱ्याला,” एकेक शब्द जुळवीत ते म्हणाले, “भेटलास का रे?”

आम्ही भेटलो नव्हतो. वर्षभरात आम्ही डॉक्टरांस भेटलो, मिस्त्रींस भेटलो, कलम ५२ वाचले, विमा कंपनीस पत्र लिहिले. ज्याने चार दगडांनी आमची सुटका केली होती, त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते. आणि त्या क्षणी पाऊण तासाचा खरा हिशेब आमच्यापुढे उभा राहिला. त्यांतली पाच मिनिटे दगडांची होती. चाळीस मिनिटे, खाली उतरून चाकाकडे न पाहता आसनावर बसून पाय दाबणाऱ्या आमची होती. लोखंडी पेटी नसल्यामुळे ती गेली, अशी समजूत करून घेण्यासाठी आम्ही ती पेटी विकत घेतली होती.

जीप तेथेच उभी करून आम्ही नारळ घेऊन त्या गावकाराच्या अंगणात गेलो. त्याला प्रसंग नीटसा आठवतही नव्हता. पावसाळ्यात कोणाची ना कोणाची गाडी तेथे अडकते, असे तो म्हणाला. मग त्याने मामांच्या हाताची चौकशी केली. आम्ही खाली मान घालून सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि आत चहा सांगून आला.

ते यंत्र उत्तम चालले आहे. त्याच्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. जीपच्या मागच्या आसनाखाली मात्र त्या बांधाचे दोन जांभे आम्ही तेव्हापासून ठेवले आहेत. आमचे कारकून ते पाहून कधी कधी विचारतात, “एवढा खर्च केल्यावर आता हे कशाला?” आम्ही सांगतो, असू द्या.