चिमणी वरठीत, नोंद नागपुरात

एखाद्या कंपनी-डेटाबेसमध्ये नोंदणीकृत कार्यालयाच्या रकान्यात 'भंडारा' टाकून शोध घ्या. वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना सापडणार नाही. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी सापडणार नाहीत. गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना नाही, जवाहरनगरची आयुध निर्माणीही नाही. ज्यांच्या पाळ्यांवर इथल्या कित्येक गावांचा दिवस ठरतो, त्यांतले एकही नाव यादीत येत नाही. कारण सनफ्लॅग आणि त्या खाणी चालवणारी मॉइल या दोन्ही कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये नागपुरात आहेत, अशोक लेलँडचे चेन्नईत आहे, आणि आयुध निर्माणी ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली तिचे पुण्यात.

उद्योगांची माहिती शोधून देणे हा माझा व्यवसाय. विद्यार्थी, व्यापारी, पत्रकार, कर्ज देणारे, कर्ज घेणारे असे सगळे येतात आणि बहुतेक जण नावापासून किंवा गावापासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी वेगळे विचारतो: या धंद्याला कोणत्या कायद्याने, कोणत्या कचेरीत कागद दाखल करावे लागतात? ज्या कचेरीने कागद मागितला, माहिती तिथेच असते. हे एकदा पक्के झाले की निम्मा शोध संपतो.

कंपनी असेल तर कंपनी कायदा, म्हणजे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाचे संकेतस्थळ. तिथे प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सनफ्लॅगचा पाहा: एल २७१०० एमएच १९८४ पीएलसी ०३४००३. पहिले अक्षर सांगते की कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. नसती तर तिथे 'यू' असता. पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग राज्य, मग स्थापनेचे साल, मग कंपनीचा प्रकार, आणि शेवटचे सहा अंक निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक. कंपनीने नाव बदलले, ती बाजारात आली, तरी त्याच राज्यात असेपर्यंत हे शेवटचे सहा अंक सहसा हलत नाहीत. म्हणून मी नावापेक्षा त्यांच्यावर जास्त भिस्त ठेवतो. अशोक लेलँडच्या क्रमांकात १९४८ आहे, कारण कंपनी त्या साली अशोक मोटर्स म्हणून जन्मली. लेलँड हे नाव १९५५ मध्ये जोडले गेले. मॉइलचे तसेच. १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून तिची वंशावळ सुरू होते, पुढे तिचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओर कंपनी झाले, १९६२ मध्ये मॅंगनीज ओर (इंडिया) लिमिटेड, आणि २०१० मध्ये नुसते मॉइल. डोंगरी बुजुर्गचा इतिहास 'मॉइल' या शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती बहुतेक २०१० च्या अलीकडचे कागद लागतात.

उद्योगाच्या पाच अंकांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मॉइलच्या क्रमांकात त्या जागी ९९९९९ आहे, म्हणजे कोणत्याच उद्योगात न बसवलेली कंपनी. देशातली सर्वांत मोठी मॅंगनीज उत्पादक कंपनी, आणि या अंकांवरून खाण उद्योगाची यादी काढली तर ती गाळली जाते! सनफ्लॅगचे २७१०० हे जुन्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणातले आहे. तेव्हा २७ म्हणजे मूळ धातू. २००८ च्या वर्गीकरणात मूळ धातू २४ वर गेले आणि २७ हा आकडा विद्युत उपकरणांना मिळाला. जुन्या क्रमांकाला नवी किल्ली लावली की वरठीचा पोलाद कारखाना मोटारी आणि पंख्यांच्या रांगेत जाऊन बसतो. असे तक्ते मी प्रबंधांत पाहिले आहेत, आणि त्यांवर काढलेले निष्कर्षही. म्हणून उद्योगाची यादी एकाच संकेतांकावरून करू नये. जुना आकडा, नवा आकडा आणि निर्यात-आयातीचा संकेतांक असे तिन्ही जवळ ठेवावेत. मॅंगनीज खनिजाचा २६०२, तांदळाचा १००६, तांब्या-पितळेच्या घरगुती भांड्यांचा ७४१८. वाणिज्य मंत्रालयाची निर्यात-आयातीची आकडेवारी याच संकेतांकांवर चालते.

कंपनीचे नाव, पत्ता, संचालक, भांडवल पाहायला पैसे पडत नाहीत. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे अर्ज ठरावीक शुल्क भरून कोणालाही उघडता येतात. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण मला सर्वांत जास्त शिकवले ते बोजांच्या नोंदीने. कंपनीने बँकेकडे काय गहाण ठेवले, किती रकमेसाठी, कधी, आणि तो बोजा उतरला की नाही, हे सगळे तिथे असते. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचणाऱ्या शेतकऱ्याला ही नोंद समजावून सांगावी लागत नाही. मंत्रालयाकडे नफ्याचा आकडा वर्षातून एकदा येतो. बोजा ठेवल्यावर मात्र तीस दिवसांत नोंदवावा लागतो. अल्पावधीत एकामागून एक बोजे चढत असतील आणि जुना एकही उतरत नसेल, तर उधारीवर माल पाठवणाऱ्याने थांबून विचार करावा.

खरी अडचण पुढे आहे. कंपनीचा ताळेबंद कंपनीचा असतो, कारखान्याचा नसतो. अशोक लेलँडच्या अहवालात भंडारा हे एक उत्पादनस्थळ म्हणून येते; १९८२ पासून चालू असलेल्या त्या कारखान्याचा वेगळा नफा-तोटा कुठेही छापलेला नसतो. तो सांगणारा कोणताही डेटाबेस अंदाज सांगत असतो. मॉइलने २०२३-२४ मध्ये १७.५६ लाख टन उत्पादन केले, पण त्यात बालाघाट आणि नागपूर जिल्ह्यांतल्या खाणीही आल्या. भंडाऱ्याचा वाटा हवा असेल तर नागपूरच्याच भारतीय खाण ब्युरोचे खनिज वार्षिक उघडावे. त्याच्या मॅंगनीजच्या प्रकरणात जिल्हावार तक्ते असतात. पोलाद आणि खाणींसाठी आणखी एक जागा आहे, तिकडे फार कमी लोक जातात: पर्यावरण मंजुरीचे कागद. विस्तारासाठी मंजुरी मागताना कंपनीला सध्याची क्षमता, वाढीव क्षमता, पाणी कुठून व किती, इंधन कोणते, माणसे किती, हे लिहून द्यावे लागते. हे कागद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात, आणि जनसुनावणी असेल तर कार्यकारी सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. ज्यांच्या विहिरीशेजारी कारखाना आहे त्यांनी तो वाचलाच पाहिजे.

जवाहरनगरची गोष्ट निराळी. १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती निर्माणी सरकारी खात्याचा भाग होती, कंपनी नव्हती. त्याआधीचा ताळेबंद कंपनी मंत्रालयात शोधणे व्यर्थ. त्या काळासाठी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे संरक्षण उत्पादनावरचे अहवाल हाच रस्ता.

आता भात गिरण्या. झाडीपट्टीत धानाचा पैसा त्यांच्यातून फिरतो, आणि त्यांतल्या कितीतरी भागीदारीत किंवा एका मालकाच्या नावावर चालतात. कंपनीच नसल्याने कंपनी मंत्रालयात त्यांचा पत्ता लागत नाही. इथे जीएसटी क्रमांक कामाला येतो. पंधरा अक्षर-अंकांतले पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, धंद्याची जात सांगते: 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एफ' म्हणजे भागीदारी संस्था, 'सी' म्हणजे कंपनी. मोहाडी तालुक्यातल्या एका गिरणीमालकाने परराज्यातल्या खरेदीदाराचे पत्र दाखवले. पत्रावर ठसठशीत 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेले, आणि क्रमांकात सहाव्या जागी 'पी'. जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकल्यावर नोंदणीची तारीख अगदी ताजी निघाली. तांदूळ उधारीवर मागितला होता. मालकाने तो पाठवला नाही.

गिरण्यांची जिल्हाभराची माहिती हवी असेल तर सरकारी धानाच्या भरडाईचे कागद पाहावेत. कोणत्या गिरणीला किती धान दिले, किती तांदूळ परत आला, हा हिशेब जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे असतो. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागता येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी आहे, पण तिथली माहिती उद्योजकाने स्वतः जाहीर केलेली असते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटी आणि गुंतवणुकीची एक कोटीवरून अडीच कोटी झाली. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्या शेजारी ठेवून वाढ-घट मोजू नये.

जुनी आकडेवारी वापरणाऱ्यांनी १ मे १९९९ ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. त्या दिवशी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या प्रत्येक तक्त्यात 'भंडारा' म्हणजे गोंदियासह भंडारा, गोंदिया शहरातल्या साऱ्या गिरण्यांसकट. हे ध्यानात न घेतल्यास नव्वदच्या दशकाअखेर भंडाऱ्याचा उद्योग अर्धा बुडाला असे वाटते. प्रत्यक्षात जिल्ह्याची सीमा बदलली होती.

गावांच्या रोमन लिपीतल्या स्पेलिंगचाही तसाच घोळ. वरठी कुठे 'व्ही'ने, कुठे 'डब्ल्यू'ने. पवनीही दोन-तीन तऱ्हांनी. अशा वेळी पिनकोडने शोधावे: भंडारा ४४१९०४, तुमसर ४४१९१२, साकोली ४४१८०२.

पैसे भरून मिळणाऱ्या डेटाबेसविषयी लोक विचारतात. सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा डेटाबेस मोठ्या कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या तुलनेसाठी उत्तम आहे. आकडे एका साच्यात बसवलेले असतात. एका कंपनीचा प्रश्न असेल तर मूळ कागदच वाचावा. आणि आकडा कोटीत आहे की दशलक्षात, एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह, हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

हे सगळे जाणूनही भंडाऱ्याच्या दोन जुन्या धंद्यांपुढे माझे हात रिकामे राहतात. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांनी जिल्ह्याला नाव मिळवून दिले, मोहाडी-आंधळगावच्या विणकरांच्या कोशाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण घरातल्या भट्टीला आणि मागाला ताळेबंद दाखल करावा लागत नाही. सहकारी संस्था असेल तर सहकार खात्याकडे तिचे लेखापरीक्षण सापडते, हातमागाची गणना कधीतरी होते. त्यापलीकडे कोणत्या वर्षी किती पितळ आले, भांडी कुठल्या बाजारात गेली, कारागिराला किलोमागे मजुरी काय मिळाली, हे कोणत्याही डेटाबेसात नाही.

ते घरांत आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खतावण्या, बिलबुके, रेल्वेच्या पावत्या, दरपत्रके खाली येतात आणि रद्दीवाल्याकडे जातात. या वेळी त्या देऊ नका. जवळच्या वाचनालयात किंवा वाणिज्य महाविद्यालयात नेऊन द्या, तेवढेही जमले नाही तर पानांची छायाचित्रे काढून ठेवा. आणि भंडारा, तुमसर, साकोलीच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या कंपन्यांवरचा प्रकल्प देण्याआधी या वह्या वाचायला बसवावे.