आधी खिडकीवरची गोळी

सातारा

चि. बाळास,

साखरपुड्याच्या पंगतीत तू म्हणालास, सरकारने दवाखाने चालवण्याच्या फंदात पडूच नये. गरिबाच्या हातात कार्ड द्यावं, तो हवं तिथे जाईल. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण तू ज्या सल्लागार कंपनीत आहेस, तिथे असले अहवाल लिहिले जातात, म्हणून हे पत्र.

तुझं निम्मं म्हणणं मला पटतं. स्कूटरला नंबर लावायचा आणि फोनची वर्षानुवर्षं वाट बघायची, तो काळ मी काढलाय. १९९१ नंतर सरकारनं तिथला हात आखडता घेतला, बरंच झालं. पण स्कूटर घेणारा चार दुकानं फिरतो. छातीत कळ आलेला माणूस कुठे फिरणार? हृदयाच्या धमनीत बसवायचा स्टेंट कोणता ते डॉक्टर ठरवतात, किंमत रुग्णालय सांगतं आणि बाहेर बसलेला मुलगा सही करतो. स्टेंटच्या कंपन्या काही कमी नव्हत्या, तरी भाव उतरला नाही. रुग्णालयाला जास्त मार्जिन देणाऱ्या कंपनीचा माल खपायचा. औषधाचा लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर जायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानं त्याला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, साध्याला ७,२६०. बाजारानं हे आपणहून कधीच केलं नसतं.

आता तुझं कार्ड. फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यावर वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, त्याला नावं ठेवणार नाही. पण ते कार्ड चालतं माणूस दाखल झाल्यावर. बीपीच्या रोजच्या गोळीला ते चालत नाही.

माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीमागे गेली. ऊसतोडीला जाणारी एक बाई बीपीच्या गोळ्यांना यायची. मागणीपत्र पाठवूनही माल आला नाही, की महिन्याच्या ठिकाणी मी तिला दहाच गोळ्या द्यायचे, कागदी पाकिटात. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वर पेनानं सूर्य काढायचे, म्हणजे सकाळी एक. ती त्या दिवसाआड घेऊन वीस दिवस पुरवायची. ‘उरलेल्या बाहेरच्या मेडिकलमधून घ्या,’ म्हटलं की ‘बघते’ म्हणायची. एकदा तिचा मुलगा एकटाच आला. आईची डावी बाजू गेली होती. मोठ्या रुग्णालयातला खर्च योजनेतून झाला. हात काही पुन्हा उचलला नाही. सरकारी खरेदीत ती गोळी रुपयाच्या आत पडते रे.

सरकारला हे जमत नाही, असं तू म्हणशील. तमिळनाडूला जमलं. त्यांनी १९९४ मध्ये औषधखरेदीचं वेगळं महामंडळ काढलं. ब्रँड न बघता मूळ नावानं घाऊक खरेदी, मालाची तपासणी, जिल्ह्यात गोदाम आणि दवाखान्याला पासबुक; त्यातल्या रकमेवर दवाखाना आपल्याला लागेल ते उचलतो. महाराष्ट्रात अशा खरेदीचं वेगळं प्राधिकरण व्हायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं, पण खिडकीत गोळी नसेल तर मोफत काय देणार? पैशाचंही तेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तो आकडा आपण गाठला नाही.

पुढच्या अहवालात किती कार्डं वाटली ते लिहिशील, तेव्हा शेजारी आणखी एक रकाना घाल: बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या वर्षातले किती दिवस खिडकीत होत्या. आणि तो भरायला कुणाला पाठवू नकोस, स्वतः जा.

तुझी,
आत्या